या आठवड्याचा विषय : दुपार

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे दोघे युरोपियन मुंबईत फोटोंचा धंदा करत. १८५६ च्या अखेरीस त्यांनी 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक सुरू केलं. मासिकाच्या पानावर फोटो छापता येण्याला तेव्हा अजून बराच अवकाश होता. त्यामुळे कागदावर उतरवलेले खरेखुरे फोटोच अंकात चिकटवलेले असत. दर अंकात तीन फोटो आणि सोबत माहितीचा मजकूर. एखादी इमारत, एखादा देखावा, आणि 'पश्चिम हिंदुस्थानातील पोशाख आणि माणसं' या मालिकेतलं कुणीतरी. एक विषय धरायचा, त्यावर रोजच्या आयुष्यातला फोटो काढायचा आणि ठरलेल्या दिवशी तो चारचौघांपुढे ठेवायचा, हा जो छंद आज हजारो लोक मोबाईलवर करतात, त्याचा आपल्या मुलुखातला मला माहीत असलेला सर्वांत जुना नमुना हाच.

मुंबई या बाबतीत मागे नव्हती. फ्रान्समध्ये डॅगेरचा शोध जाहीर झाला १८३९ साली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिचंद चिंतामण हे त्या वर्गातून तयार झाले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. डॉ. भाऊ दाजी लाड हे सोसायटीचे सभासद होते. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते, आणि दवाखाना सांभाळून फोटो काढत. म्हणजे कॅमेरा साहेबाने आणला आणि आपण नुसते समोर बसलो, असं सरसकट म्हणता येत नाही. कॅमेऱ्याच्या मागे मराठी माणूस पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच जाऊन उभा राहिला होता. मात्र त्या काळातल्या यादीत मला मराठी मुसलमानाचं नाव सापडलेलं नाही. तो फोटोत आहे, फोटोमागे नाही.

आणि फोटोत तो कसा आहे? जॉन्सनने पुढे याच मालिकेतले फोटो घेऊन मुंबईतल्या जाती-जमातींवर दोन जाडजूड खंड काढले. पहिला १८६३ चा, दुसरा १८६६ चा. या खंडांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यातले बरेचसे फोटो जोडकाम आहेत. माणसांना एका जागी उभं करून त्यांचा फोटो काढलाय आणि छापताना मागे भलत्याच जागेचा देखावा बसवलाय. समुद्रकिनारा, एखादी इमारत, एखादं देऊळ. माणूस खरा, जागाही खरी. फक्त तो माणूस त्या जागी कधी उभा नव्हता. खाली जमातीचं नाव आहे, माणसाचं नाही.

१८५७ नंतर हेच काम सरकारने हाती घेतलं. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांच्या संपादनाखाली 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. फोटो ४६८. इथेही प्रत्येक फोटो म्हणजे एक 'नमुना'. ही जमात राजनिष्ठ, ती कजाग, तिसरी आळशी, असे शेरे सोबत. उठावाच्या धक्क्यानंतर राज्यकर्त्यांना ओळख पटवायची होती, ओळख करून घ्यायची नव्हती.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये हामिद आणि महमूद या दोन मुलांना घेऊन लंडनला गेले, तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे खंड पाहिले. तिथला एक तरुण इंग्रज ती पानं चाळत होता. त्याने महमूदला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद हो म्हणाला, पण लाजून लाल झाला आणि लगेच त्याने खुलासा केला की आम्ही इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आमचे पूर्वज बाहेरच्या देशातून आले होते. सर सय्यद यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवलाय. हा महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला.

हा प्रसंग बहुतेक वेळा साहेबाच्या अहंकाराचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. ते आहेच. पण मला त्याच्या उत्तरातली दुसरी अर्धी बाजू जास्त टोचते. अपमान झाल्यावर त्या शरीफ घरातल्या मुलाला पहिली गोष्ट सुचली ती ही, की तो फोटोतला उघडा माणूस आणि मी वेगळे. फोटो काढणाऱ्याने केलेली वर्गवारी त्याने नाकारली नाही, फक्त आपली जागा वरच्या रांगेत आहे असं सांगितलं. आता आमच्या नाशकातला पिंजारी, बागवान, अत्तार, कसाई यांचे पूर्वज कुठल्या देशातून आले होते? इथल्याच मातीतले. त्यांच्याकडे तो खुलासा करायची सोय नव्हती, आजही नाही. 'अशराफ' आणि 'अजलाफ' हा वाद आपल्यात कशाला काढता असं विचारणाऱ्यांनी हे एक पान वाचावं.

हे सगळं मी का उगाळत बसलोय, ते सांगतो. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणारे आम्ही पाचजण आहोत. अशोक स्तंभाकडून जेहान सर्कलपर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत फिरायचं. (इथं भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) वर्षभरापूर्वी आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी टूम काढली. दर रविवारी चिठ्ठी टाकून एक विषय काढायचा आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाने त्यावरचा एकच फोटो दाखवायचा. नियम दोन. फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा, आणि कुठल्या सणाचा किंवा समारंभाचा नको. उंबरठा, वाट पाहणं, गंज, उरलेलं अन्न, हात, असे विषय झाले.

एका आठवड्यात 'दुपार' निघाली. माझे मामा कोकणीपुऱ्यात राहतात. जेवणानंतर ते बाजेवर आडवे झाले होते, तोंडावर टोपी, छातीवर पेपर, पायाशी मांजर. मी मोबाईलवर फोटो काढला. रविवारी चहाच्या टपरीवर तो सगळ्यांनी पाहिला. आमच्यातला एकजण मनापासून म्हणाला, "सर, सुंदर आलाय. एकदम मुस्लिम मोहल्ल्याचा फील आहे." त्याने स्वतः आणलेला फोटो त्याच्या काकांचा होता. सोफ्यावर झोपलेले, वर पंखा, शेजारी चष्मा. त्या फोटोला सगळे म्हणाले, "वा, दुपार!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि मीही तेव्हा हसलो. पण फरक स्पष्ट होता. त्याचे काका दुपार झाले आणि माझे मामा मोहल्ला झाले. जॉन्सनने छापताना जो देखावा मागे चिकटवला होता, तो आता बघणाऱ्याच्या डोळ्यात तयारच असतो. टोपी दिसली की देखावा आपोआप बसतो. रमजानच्या पहिल्या शुक्रवारी वर्तमानपत्रात येणारा रांगांचा फोटो, ईदच्या दिवशी गळाभेट घेणारी दोन लहान मुलं, महागाईच्या बातमीला न येणारा पण मदरशाच्या बातमीला हमखास येणारा बुरखा. वर्षानुवर्षं हेच फोटो पाहिल्यावर झोपलेल्या माणसाची झोप दिसणार कशी?

पण सगळा दोष दुसऱ्यांच्या डोळ्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. आपण आपले कोणते फोटो काढले? मी घरातला जुना अल्बम काढून बसलो. निकाह, वलीमा, बिस्मिल्लाह, हजला निघताना गळ्यात हार घातलेली माणसं. कारण सरळ आहे. अब्बांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एकशेवीसचा रोल घातला की बारा फोटो. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे. बारा फोटोंत कोण चुलीचा फोटो काढेल? अम्मीला मी विचारलं, स्वयंपाकघराचा एकही फोटो कसा नाही? ती म्हणाली, "चूल्हे की क्या तस्वीर निकालते रे? वो तो रोजच है." रोजचं होतं म्हणूनच फोटो नाही, आणि आता ते घरही नाही. हे हिंदू घरातही असंच झालंय. मध्यमवर्गीय महाराष्ट्राचा कुठलाही अल्बम उघडा, त्यात माणसं सदैव नवे कपडे घालूनच जगलेली दिसतात.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे, तस्वीर जायज आहे की नाही. माझ्या दादीचा आयुष्यातला पहिला फोटो हजच्या कागदपत्रांसाठी निघाला, म्हातारपणी. म्हणजे जिला दीन पाळण्यासाठी फोटो नको होता, तिला दीनचा एक अर्कान पुरा करण्यासाठी फोटो काढावा लागला. यावर हसू नये, पण घरात सगळे हसत, तीसुद्धा.

हा वाद मात्र आपल्याला वाटतो तितका एकतर्फी कधीच नव्हता. इजिप्तच्या फौजेतले इंजिनिअर मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिनेत आणि १८८० च्या हजमध्ये मक्केत फोटो काढले. मक्का-मदिनेचे जगातले पहिले फोटो एका मुसलमानाने काढलेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत मक्केतलाच एक डॉक्टर, सय्यद अब्दुल गफ्फार, फोटो काढू लागला. त्याचे फोटो डच अभ्यासक स्नूक हुरखोन्ये याने युरोपात स्वतःच्या पुस्तकांतून छापले, आणि छापताना डॉक्टरचं नाव नीट दिलं नाही. मजहबी बाजूने बोलायचं तर १९१४ ते १९२० या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी कॅमेऱ्याचा फोटो जायज ठरवताना असा युक्तिवाद केला, की इथे माणूस काही निर्माण करत नाही. जी सावली अल्लाहच्या कुदरतीने पडलेलीच आहे, तिला फक्त अडवून धरतो. सावली कैद करणं. हे वाचलं तेव्हा मला मराठीतल्या 'छायाचित्र' या शब्दाची गंमत वाटली. कैरोच्या मुफ्तींनी जो मुद्दा मांडायला पुस्तिका लिहिली, तो मराठीने एका शब्दात बसवला होता. हिंदुस्थानातल्या अनेक उलेमांनी हा युक्तिवाद मानला नाही, आणि ते मत धरून चालणाऱ्या घरांचा मला आदर आहे. पण ज्या घरात लग्नाचा व्हिडिओ ड्रोनने काढतात आणि दादीचा साधा फोटो काढायचं म्हटलं की फतवा आठवतो, त्या घरांबद्दल काय बोलावं?

१९१२ हे साल या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवतं. त्या वर्षीच्या जुलैत कलकत्त्याहून मौलाना आझादांचं 'अल्-हिलाल' हे सचित्र साप्ताहिक सुरू झालं. उर्दू वाचणाऱ्या मुसलमानाच्या घरात दर आठवड्याला फोटो येऊ लागले. पण ते कसले? त्रिपोलीची लढाई, तुर्की सेनानी, नेते. लढणारा, मरणारा किंवा भाषण करणारा माणूस. त्या काळाची ती गरज होती, मान्य. तरी आठवड्याला एक विषय म्हटल्यावर आपल्या समोर युद्धच आलं, बाजेवरची दुपार आली नाही, हेही खरं.

त्याच वर्षी दादरमध्ये एक माणूस कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यापुढे कॅमेरा लावून बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. सिनेमा काढण्यापूर्वी फाळके फोटोग्राफर होते, हे आपण विसरतो. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला होता. तिथे प्लेगमध्ये त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा लोकांत होती, त्याचाही धंद्याला त्रास झाला. म्हणजे फोटोची भीती ही काही एकट्या मुसलमानांची मिरास नव्हती. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर म्हणूनही नोकरी केली. १९१२ च्या सुरुवातीला लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवल घालणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्यासाठी त्यांनी विषय निवडला तो ना रामाचा ना कृष्णाचा. वाटाणा. बी फुटतं, कोंब येतो, वेल चढते. महिन्याहून जास्त दिवस एकाच जागी कॅमेरा ठेवून त्यांनी ते टिपलं आणि मिनिटभराची 'अंकुराची वाढ' तयार झाली. रोज एक फ्रेम घेतली असं सर्रास लिहिलं जातं, पण साधा हिशेब करा. सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर महिन्याच्या तीस फ्रेम दोन सेकंदांत संपतात. मिनिटभरासाठी हजाराच्या आसपास लागतात. म्हणजे हा गृहस्थ दिवसातून कितीतरी वेळा उठून त्या कुंडीकडे जात असणार. त्याच पट्टीवर त्यांना कर्ज मिळालं, मे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि त्यानंतर फाळके आपला कारखाना घेऊन नाशकाला आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच वारले.

नाशिककर फाळक्यांचं नाव स्मारकाला, रस्त्याला देतात. त्यांच्या वाटाण्याला कुणी विचारत नाही. माझ्या लेखी मात्र 'रोजचंच तर आहे' या अम्मीच्या वाक्याला सर्वांत चांगलं उत्तर त्या कुंडीत आहे. रोजचं आहे म्हणून तर महिनाभर बघावं लागतं.

विषयांच्या याद्या करून फोटो काढून घेण्याचं सर्वांत मोठं काम अमेरिकेत झालं. मंदीच्या काळात रॉय स्ट्रायकर नावाचा अधिकारी सरकारी फोटोग्राफरांना विषयांच्या याद्या पाठवत असे. संध्याकाळी घरी माणसं काय करतात, गावात माणसं कुठे भेटतात, अशा. त्या प्रकल्पातल्या आणि त्याला जोडून आलेल्या कामातल्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह आज त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण हाच स्ट्रायकर न आवडलेल्या निगेटिव्हला पंचने भोक पाडून ती कायमची बाद करायचा. विषय कोण ठरवतो याच्याइतकंच भोक कोण पाडतो, हेही बघावं लागतं. आमच्या पाचजणांत कुणाच्या हाती पंच नाही. पण "मोहल्ल्याचा फील" हे एक बारीक भोकच आहे.

या सगळ्यात मला ज्यांचं काम जवळचं वाटतं त्या होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा पारशी परिवार, शिक्षण मुंबईत. १९४२ नंतर दिल्लीत त्यांनी नेहरू, गांधी, माउंटबॅटन यांचे फोटो काढले आणि त्यांचं नाव झालं. आपण त्यांना तेवढ्यासाठीच ओळखतो. त्याआधीची मुंबईतली होमाई वेगळी आहे. जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना तिने बायकांच्या एका सहलीचे फोटो काढले, ते 'बॉम्बे क्रॉनिकल'ने फोटोमागे एक रुपया देऊन छापले. मग 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी शहराचं रोजचं आयुष्य. रस्ते, कामावरच्या बायका, स्टेशन, युद्धकाळातली तयारी. दर आठवड्याला वाचकांसमोर जाणारं हे काम बरेच दिवस तिच्या नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापलं जात होतं. बाईने काढलेला फोटो कोण गंभीरपणे घेणार! मक्केच्या डॉक्टरची गोष्ट इथे मुंबईत, घरातल्या घरात.

त्या काळातल्या होमाईच्या फोटोंत एक मुलगी वारंवार दिसते. रेहाना मोगल, जे. जे. मधली तिची वर्गमैत्रीण. १९३० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतले हे फोटो. कुठे कॉलेजच्या आवारात मैत्रिणींसोबत, कुठे एकटी. अंगावर कसला भार नसल्यासारखी, कॅमेऱ्याला न घाबरणारी. मागे कुठलाही देखावा चिकटवलेला नाही, खाली जमातीचं नाव नाही. नाव आहे ते तिचं स्वतःचं. ज्या वर्षांत देशात हिंदू-मुसलमान प्रश्नावर रकानेच्या रकाने भरत होते, त्याच वर्षांत एका पारशी मुलीने आपल्या मुसलमान मैत्रिणीचे फोटो काढले आणि त्यांत रेहाना कुठल्याही प्रश्नाचं उदाहरण झाली नाही. कशामुळे? मला वाटतं, होमाईला ती आधी माहीत होती, फोटो नंतर आला. जॉन्सनच्या बाबतीत क्रम उलटा होता. त्याच्याकडे वर्गवारी आधी होती, माणूस नंतर आणला गेला.

म्हणून मी आता माझ्यापुरता एक तिसरा नियम केलाय. फोटो दाखवताना विषय सांगण्याआधी त्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलतो. मामांच्या फोटोच्या वेळी सांगितलं असतं की हे चाळीस वर्षं एसटीत मेकॅनिक होते, रात्रपाळीमुळे दुपारी झोपायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि मांजर त्यांचं नाही, शेजाऱ्यांचं आहे, तर कदाचित त्या दिवशीही फोटोत दुपार दिसली असती. प्रत्येक फोटोची आता मी एक प्रिंट काढतो. मागे पेन्सिलीने नाव, जागा, तारीख आणि फोटो कुणी काढला ते लिहितो. अम्मी आता नव्या ओट्यावर भाकऱ्या थापते. तिचे आतापर्यंत सहा फोटो झालेत. सहाव्याच्या वेळी तिने पदर नीट करायचं सोडून दिलं आणि मला म्हणाली, उजेड त्या बाजूने येतो, तिकडून काढ.